नट जागेवर होता

ह्या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचले, हे आधीच कबूल करतो. घरात मासिक आलं की बायको हे पान घाबरायला वाचते आणि मी हसायला. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो — मशीन रुसत नाही, मशीनला दृष्ट लागत नाही, मशीनमध्ये फक्त दोष असतो आणि तो मोजता येतो. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो...

राहायला खापर गावात, डोंगराच्या पायथ्याला. घर शेवटच्या गल्लीत, मागे मोकळं पटांगण आणि त्यापलीकडे एक नाला, पावसाळा सोडला तर कोरडाच. जे घडलं ते बहुतेक ह्या नाल्याच्या काठावर, रविवारी, सकाळी अकरा-साडेअकराच्या लख्ख उन्हात. अमावस्या नाही, पिंपळ नाही, काही नाही. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

नाशिकला अप्रेंटिस होतो तेव्हा रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा नाद लागला होता. जत्रेत मिळतात तसले नव्हेत — आत खरं डिफरन्शियल, तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, सुटे करता येणारे गिअर, असा हातभर लांबीचा ट्रक. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, ट्रक पेटीत गेला आणि बारा-तेरा वर्षं तिथेच राहिला. मागल्या वर्षी घर रंगवायला काढलं तेव्हा पेटी उघडली आणि माझं डोकं परत फिरलं. रबराचे टायर तडकले होते, बॅटरी फुगली होती, पण गिअर हाताने फिरवले तर अजून गुळगुळीत फिरत होते.

मग काय! जुनी मोटर काढून नवी ब्रशलेस बसवली, प्लास्टिकचे गिअर काढून स्टीलचे घातले. नवी बॅटरी, नवा रिमोट, शॉकमध्ये जाड तेल. पार्सलवाला आला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, दारातच त्याला आमच्या अहिराणीत म्हणायची, "पोर होस्टेलले गई आनि बाप खेयाले लागना." पार्सलवाला बिचारा हसावं की नाही ह्या विचारात उभा राहायचा.

माझ्या ह्या खुळात घरातून एकाच माणसाची साथ होती. भटू, सुनंदाचा धाकटा भाऊ. त्याची खापर ते मोलगी ह्या घाटरस्त्यावर पॅसेंजर जीप होती. जुनी गाडी, पण त्याने पोरीसारखी जपलेली. रविवारी तो जेवायला आमच्याकडे यायचा आणि जेवणाआधी आम्ही दोघं मागे नाल्यावर. काठावरून खाली उतरणारी वाट मी फावड्याने तासून दोन वळणं काढली होती. भटूने पहिल्याच दिवशी तिला 'घाट' नाव दिलं. रिमोट त्याच्या हातात गेला की तो ट्रक असा उतरवायचा की मी नुसता बघत राहायचो. शिकवणारा मी, हात त्याचा.

त्याच्या वाढदिवसाला मी एक गंमत केली. ट्रकसाठी जीपच्या आकाराची नवी बॉडी मागवली आणि ती हुबेहूब त्याच्या गाडीसारखी रंगवली. तोच सायीसारखा पिवळट रंग, तोच हिरवा पट्टा, तोच नंबर. मागे त्याच्या गाडीवर लिहिलं होतं तेच बारीक ब्रशने लिहिलं, 'मायनी पुन्याई'. भटू-सुनंदाची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. भटू तिथेच उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही तं मन्ही गाडी लहानी करी टाकी." मला फार बरं वाटलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे हीच गोष्ट सारखी डोक्यात येते.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या वळणावर, ट्रकचं मागचं डावं चाक निघून गेलं. नुसतं पडलं नाही, उड्या मारत नाल्यापलीकडे गेलं. तिथे जमनीबाई बकऱ्या चारत होती. मोलगीकडच्या वाडीतली म्हातारी, लेकीकडे राहते. तिने चाक आणून दिलं. नट कुठे पडला ते कळलं नाही. मी म्हटलं, चूक माझीच, नीट आवळला नसेल.

दुसऱ्या रविवारी तेच वळण आणि तेच चाक. ह्या वेळी नायलॉनचा लॉक नट होता, तो सहजासहजी सुटत नाही. जमनीबाईने परत चाक आणून दिलं. मी वाटेत सापडलेल्या नटाचे आटे तपासले, ॲक्सलचे तपासले, सगळे स्वच्छ. आता मात्र मला राग आला. आयटीआयच्या लेथवर चाक ज्यावर बसतं तो ॲल्युमिनियमचा नवा हब स्वतः काढला, आटे चिकटवायचं निळं औषध लावून नट आवळला, आणि आमच्या वर्कशॉपची पद्धत आहे तशी नटापासून ॲक्सलच्या टोकापर्यंत लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली. नट केसाइतका फिरला तरी रेघ तुटते आणि चोर सापडतो. घोडं कुठे पेंड खातंय ते आता कळेल, असं मी भटूला म्हणालोसुद्धा.

तिसऱ्या रविवारी रिमोट भटूच्या हातात होता. पहिलं वळण छान घेतलं. दुसऱ्या वळणावर मागचं डावं चाक निघालं आणि गेलं.

मी धावत जाऊन ट्रक उचलला. नट जागेवर होता. लाल रेघ अखंड होती.

ज्यांना यंत्राचं कळत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. चाकाला मधोमध चार मिलिमीटरचं भोक, त्यावर सात मिलिमीटरचा नट. नट काढल्याशिवाय चाक निघणं शक्य नाही. मूठ वळलेली असताना मुठीपेक्षा लहान बांगडी न फुटता निघावी, तसं काहीसं. मला वाटलं भोक फाटलं असेल. पलीकडे गेलो तर चाक जमनीबाईच्या पायाशी पडलेलं. भोक गोल, एक ओरखडा नाही. तिने ते उचललं नव्हतं. म्हणाली, "आता मी नाही आणणार, मास्तर. हे पडत नाही. हे जातं." आणि बकऱ्या वळवून निघून गेली. त्यानंतर ती त्या बाजूला चारायला आलेली मी पाहिली नाही.

घरी व्हर्नियरने मोजलं. चार आणि सात. परत मोजलं. किती वेळा मोजलं ते लिहायची लाज वाटते. भटू हसत होता, मीही हसत होतो, पण जेवायला बसलो तेव्हा व्हर्नियर माझ्या खिशातच होता. कुठेतरी पाणी मुरतंय आणि मला दिसत नाही, ही भावना फिटरला फार वाईट लागते.

सुनंदाने सगळं ऐकलं. वाढता वाढता म्हणाली, "भटूले सांगा, गाडीनं मांगलं चाक देखी ले म्हना." मी तिच्यावर डाफरलो. खेळण्यावरून खऱ्या गाडीचं निदान करायला मी काय भगत आहे का, असं काहीतरी बोललो. तिने भावासमोरचं ताट ओढून धरलं. पाहिल्याशिवाय पोळी मिळणार नाही. शेवटी आम्ही दोघं बाहेर गेलो. जीपच्या मागच्या डाव्या चाकाचे पाचही नट मी पान्याने तपासले, हातोडीने वाजवले. पाचही खणखणीत. मला अंगात आल्यासारखं बघून भटू म्हणाला, "दाजी, तुमना आंगमा ऊनं का काही?" मी आत जाऊन सुनंदाला सांगितलं, सगळे नट घट्ट आहेत. चाक जॅकवर उचलून हलवून पाहिलं नाही. नट घट्ट आहेत ना, मग झालं.

त्याच आठवड्यात, मोलगीच्या बाजाराच्या दिवशी, मी वर्कशॉपमध्ये दोष शोधण्याचा धडा शिकवत होतो. एकोणीस वर्षं तेच बोलतो, तोंडपाठ आहे. बोलता बोलता नेहमीचं वाक्य आलं — बाहेरचं सगळं जागेवर असेल आणि तरी काम बिघडत असेल, तर दोष आत असतो.

वाक्य संपलं आणि ते मलाच ऐकू आलं.

नट जागेवर, चाक गेलेलं. मी तीन रविवार नटाकडे बघत होतो. त्या जुन्या जीपचं मागचं चाक आतल्या शाफ्टवर तोललेलं असतं. शाफ्ट आत तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर येतं, आणि त्याचे पाचही नट घट्टच असतात. पोरांना हे मीच शिकवतो. आणि मी नट वाजवून आलो होतो.

बाहेर धावत जाऊन फोन लावला. तीनदा लागला नाही, घाटात रेंज नसते. चौथ्यांदा भटूने उचलला. घाट चढून वर चहाच्या टपरीवर थांबला होता. गाडीत सतरा माणसं आणि बाजाराचा माल. मी त्याला म्हणालो, आत्ताच्या आत्ता माणसं उतरव, मागचा डावा शाफ्ट गेलाय. कशावरून, असं त्याने विचारलं नाही. खेळण्यावरून हसणारा माणूस, त्या दिवशी जरासुद्धा हसला नाही.

माणसं उतरली. पुढे भटूच्या तेराव्याला त्यांतले बरेच जण आले होते. काठी गावाकडचा एक म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने सांगितलं, की लोक कुरकुरत होते, बाजार चुकतो म्हणत होते, तर भटू त्यांना एवढंच म्हणाला, "मन्हा दाजीना फोन ऊना. उतरा."

मग रिकामी गाडी घेऊन तो घाट उतरायला लागला. पहिलं वळण नीट घेतलं. दुसऱ्या वळणावर मागचं डावं चाक निघालं.

चाक खाली कोरड्या ओढ्यात सापडलं. पाच नट घट्ट. तुटलेला शाफ्ट मी हातात घेऊन पाहिला. अर्धा भाग गंजलेला, म्हणजे तडा जुना. अर्धा चकचकीत, म्हणजे आत्ता तुटलेला. ह्याचं स्पष्टीकरण आहे, पुस्तकात आहे, मी फळ्यावर काढून दाखवू शकतो.

स्पष्टीकरण नाही ते माझ्या टेबलावर आहे. तो लहान ॲक्सल मी ट्रकमधून काढून ठेवलाय. नट तसाच, रेघ तशीच. दोन सहकाऱ्यांना दाखवला, एकाने सरळ सांगितलं की तुम्ही नंतर रंगवलं असेल. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. ट्रक परत पेटीत गेला. त्याच्या मागचं ते नाव खरवडून काढावं म्हणून दोनदा पेटी उघडली आणि तशीच लावली.

सुनंदा माझ्यावर कधी चिडली नाही. लोक तिला सांगतात, तुझ्या नवऱ्यामुळे सतरा घरं वाचली, आणि ती मान हलवते. फक्त एकदा, भटूच्या दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर झोपवताना, तिने मला विचारलं, "तुम्ही ट्रकवर त्यानी गाडीनं नाव लिखं नसतं तं?" खेळण्याने आम्हाला आधीच सांगितलं होतं, का मी रंगवून ते संकट त्याच्या गाडीवर आणलं... कोणतं आधी, कोणतं नंतर. मला माहीत नाही. मोजायला काही साधन नाही.

आणखी एक. त्या दिवशीच्या फोनबद्दल मी सगळ्यांना सांगितलं ते खरं आहे, पण पुरं नाही. माणसं उतरवायचं कबूल केल्यावर भटूने मला विचारलं होतं, "पन गाडी आठेच सोडी देऊ का, दाजी? का खाले लई येऊ?" शाफ्ट गेलाय हे मला माहीत होतं. गाडी तिथेच सोडू की खाली आणू, हे तो माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होता. माझ्या डोक्यात सतरा माणसं होती, ती उतरणार म्हणून जीव भांड्यात पडला होता, आणि मी कसलाही विचार न करता म्हणालो — हळू आण.

हे मी सुनंदाला अजून सांगितलेलं नाही. समोर बसून सांगायला तोंड उघडत नाही. पण ती हे पान वाचते.