मशीन कुणाचं

आमच्या आईच्या मशीनला दोरा ओवणं हे कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हतं. जुनं, काळं, लांब शटलीचं मशीन ते. आता असते तशी गोल बॉबीन त्याला नव्हतीच. बोटाएवढी लांब बॉबीन होडीसारख्या शटलीत बसायची आणि ती शटल खाली पुढं-मागं झुलायची. वरचा दोरा रिळातून निघून टेन्शनच्या दोन चकत्यांमधून जायचा, तारेच्या आकड्यात अडकायचा, तिथून वर दांडीच्या भोकात आणि मग खाली सुईत. सुईत मात्र डावीकडून उजवीकडे. उलटा ओवला की दोन टाके नीट पडायचे आणि तिसऱ्याला दोरा तुटायचा. सातवीत असताना मी हे शिकले. चुकले की आईची लाकडी पट्टी मनगटावर बसायची. "डोळे फुटले का गं तुझे?" हे तिचं प्रेमाचं बोलणं. रागाचं मी इथं लिहीत नाही.

नगरच्या कॅम्पात मिलिटरीचे कपडे शिवणारा एक म्हातारा शिंपी होता. त्यानं धंदा बंद केला तेव्हा वडिलांनी हे मशीन घेतलं आणि साखर कारखान्याच्या ट्रकवर टाकून काष्टीजवळच्या आमच्या गावात आणलं. वडील मी लहान असतानाच गेले. जमीन होती, पाणी नव्हतं. पण मशीन होतं, म्हणून आमच्या ओट्यावर बाया असायच्या. झंपर शिवायला यायच्या आणि दुपारभर बसून राहायच्या. सासवांच्या कागाळ्या, सुनांची दुखणी, सगळं त्या मशीनच्या आवाजात चालायचं. आई पायडल मारता मारता हुंकार द्यायची. गावात तिला मान होता तो त्या मशीनमुळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी दहावी पास झाले. बऱ्या मार्कांनी झाले. मला श्रीगोंद्याला कॉलेजात जायचं होतं. धाकटा भाऊ माझ्या मागं दोन वर्षं, आणि दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. मग कुणी थांबायचं ते सांगायला पाहिजे का? आई म्हणाली, "तू मशीनवर बस. हे मशीन तुझंच हाय. लग्नात तुझ्यासंगं धाडीन." चार बायांसमोर म्हणाली. मी बसले. सात वर्षं बसले. भाऊ नगरला जाऊन मास्तरकीचं शिकला आणि मी गावातल्या बायांच्या पाठीची, दंडाची मापं पाठ केली.

त्या सात वर्षांत मशीनची सगळी निगा माझ्याकडं होती. दर आठवड्याला खालची पत्र्याची पट्टी सरकवून दातांतला कापसाचा बुरा झाडायचा. तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. जास्त नाही. मग जुन्या चिंधीवर रिकाम्या टिपा मारायच्या, म्हणजे जादा तेल चिंधीला लागतं, गिऱ्हाइकाच्या कापडाला नाही. चामड्याचा पट्टा सैल पडला की थोडा कापून पुन्हा तारेनं जोडायचा. हे सगळं मी स्वतःच्या वस्तूचं करावं तसं केलं, कारण ती माझीच होती. मला तसं सांगितलं होतं.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. नवरा नगरला एमआयडीसीत कामाला, केडगावात दोन भाड्याच्या खोल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी भांडीकुंडी बांधत होतो तेव्हा मी विचारलं, "मशीन कशात न्यायचं?" आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पुढच्या साली घरात सून यील. तिला नगं का? ऱ्हाऊ दे हितंच."

झालं. एवढंच. दुसऱ्या दिवशी मांडवात मी ढसाढसा रडले, तर बाया म्हणाल्या, पोरीला माहेर सोडवेना. डोंबलाचं माहेर! मी मशीनसाठी रडत होते.

पुढच्या वर्षी भावजय आली. शेतकऱ्याच्या मोठ्या घरातली, देवाधर्माची, तोंडानं गोड. वाईट नव्हती बिचारी, हे आज म्हणते. तेव्हा मला ती डोळ्यांसमोर नको होती. खंडेनवमी आली. तिच्या माहेरी त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, खुरपी सगळं धुऊन त्याला घरचं करडईचं तेल लावायची रीत. आमचे विळे आईसंगं रानात गेलेले, घरात अवजार म्हणावं असं एकच उरलं होतं. तिनं मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली आणि तेलाची भोकं दिसली तशी एकेका भोकात करडईचं तेल ओतलं. थेंब नाही, पळीनं. भक्तिभावानं ओतलं हो! आई तेव्हा बाजरीच्या काढणीला रानात होती. संध्याकाळी पूजा बघून खूश झाली म्हणे.

करडईचं तेल खायला चांगलं, पण मशीनला विष. ते वाळतं. आधी चिकट होतं, मग राळेसारखं घट्ट बसतं. सुरुवातीचे दिवस मशीन लोण्यासारखं चाललं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दिवाळी गेली, आई महिनाभर हिवतापानं पडली, आणि उठून मशीनवर बसली तर चाक हलेना. काष्टीच्या बाजारात मशीन दुरुस्त करणारा बसायचा, त्यानं बघून सांगितलं, भंगारात द्या.

संक्रांतीला भाऊ माझ्या दारात टेम्पो घेऊन हजर. आत मशीन. म्हणाला, "आक्के, आईनं धाडलंय. म्हणली, तिचं मशीन तिला देऊन यी." तेलाची हकिगत त्यानंच सांगितली, हसत हसत. मला हसू आलं नाही. चालतं होतं तेव्हा सुनेचं, आणि मढं झालं तेव्हा माझं. वा रे न्याय! मी त्याला चहा दिला आणि तिळगूळ द्यायचा विसरले. म्हणजे विसरले नाही, दिला नाही.

मशीन मी भंगारात देणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मशीनचा माथा पालथा केला आणि आत बघितलं. जिथं लोखंडावर लोखंड फिरायचं तिथं सगळीकडं तपकिरी, घट्ट थर. रेशनचं रॉकेल जपून वापरायचं, तरी मी वाटीभर काढलं. कोंबडीच्या पिसानं प्रत्येक सांध्यात सोडलं आणि दिवसभर उन्हात ठेवलं. संध्याकाळी चाकाला हात लावला, हललं नाही. पुन्हा रॉकेल, पुन्हा ऊन. चौथ्या दिवशी चाक सुतभर सरकलं आणि मी एकटीच ओरडले, "आलं गं बाई!" मग रोज थोडं पुढं, थोडं मागं. जोर लावायचा नाही, नाहीतर दांडी वाकते. शटलीच्या वाटेतला थर सुईच्या टोकानं खरवडला. कापडाची चिंधी ओढून ओढून सगळं रॉकेल पुसलं, मग मशीनचं तेल घातलं. पंधरा दिवस लागले. नवरा म्हणायचा, "एवढी सेवा माझी केली असती तर." तो चेष्टेत म्हणायचा, पण खरं होतं.

दोरा ओवला, डावीकडून उजवीकडे. चिंधीवर पहिली टीप मारली, खालचा दोरा वर गाठी घेऊन आला. टेन्शनचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. दुसरी टीप सरळ पडली, दोन्ही बाजूंनी सारखी. मी त्या टिपेवरून बोट फिरवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला त्या घरात बरं वाटलं.

महिन्याभरात केडगावच्या बाया माझ्या दारात बसायला लागल्या. झंपर, लेकरांची झबली, उशांचे अभ्रे. मी पायडल मारता मारता हुंकार द्यायचे, अगदी आईसारखी.

ही बातमी माहेरी पोहोचायला वेळ लागला नाही. चैत्रात एक दिवस आई आणि भाऊ दोघं आले. पुन्हा टेम्पो. आई कधी नव्हे ती खुर्चीवर बसली, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही, आणि म्हणाली, "मशीन न्यायला आलोय. सूनबाईला शिकायचंय. तिला पायजे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मढं होतं तवा माझं, आणि उठून बसलं की तुमचं व्हय?"

"तुझ्या घरचे घेतील की तुला नवं."

"मग तुझ्या लाडक्या सुनेला घे की नवं!"

भाऊ म्हणाला, "आक्के, असं काय करती? आई सोता आलीय." मी त्यालाही सोडलं नाही. तू शिकलास ते माझ्या पाठीवर, तू मधे बोलू नको, असं तोंडावर म्हटलं. क्षणभर मनात असंही आलं, की देऊन टाकावं आणि देताना भोकाभोकात करडईचं तेल ओतून द्यावं. लिहायला लाज वाटते, पण आलं. तोवर आई उठून मशीनपाशी गेली होती. तिनं चाकावर हात ठेवला, एकदा फिरवलं, सुई खालीवर झाली. "लई हलकं चालतंय," एवढंच म्हणाली.

मी म्हणाले, "माझ्या हातानं चालतंय. मी देणार न्हाई."

ती गेली. टेम्पो मोकळा गेला. त्या दिवाळीला मला न्यायला मुराळी आला नाही. केडगावच्या गल्लीत प्रत्येकीचा भाऊ आला, माझा आला नाही. भाऊबिजेला मी दार लावून दुसऱ्यांच्या लेकींचे झंपर शिवले. लोक विचारायचे, माहेरी नाही गेला? मी सांगायचे, काम फार आहे. मलाही वाटायचं, बसा म्हणावं. सून हवी होती ना, बसा सुनेला कवटाळून.

अशी चार वर्षं गेली. मग आई पडल्याचा निरोप आला. कमरेचं हाड मोडलं होतं. रुसवा कितीही असला तरी अशा वेळी जावं लागतं, मी गेले. ओटा रिकामा होता. आई आतल्या खोलीत बाजेवर झोपलेली. तिचा डोळा लागला होता म्हणून मी परसात तोंड धुवायला गेले, तर दोरीवर तिचे दोन झंपर वाळत होते. मी धंद्याची बाई, हात गेलाच. बाहीची शिवण बघितली. मशीनची नव्हती. हातशिलाई होती, एकेक टाका उलटा घेऊन घातलेला. सुरुवातीला बारीक आणि दंडापाशी वेडावाकडा. एका ठिकाणी दोरा संपला तर दुसऱ्याच रंगाचा जोडला होता.

भावजय मागं येऊन उभी होती. मी विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"आत्याबाई सोताच शिवत्यात, वन्सं. शिंप्याकडं टाकू देत न्हाईत. लेकापुढं हात पसरायचा न्हाई म्हणत्यात. आता बाया बी येत न्हाईत वट्यावर, दिसभर एकल्याच बसत्यात."

"तुला शिकायचं होतं ना मशीन?"

"मला? मी कवा म्हणले? तेलाचं झाल्यापासनं मला तर भ्याच वाटतंय मशीनचं."

मी दोरीला धरून उभी राहिले. सूनबाईला पाहिजे म्हटलं तर मी देईन, असं आईला वाटलं होतं. मला पाहिजे, असं म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. मला राग आला, खरं सांगते, दया नंतर आली. अगं, म्हणायचं होतंस ना! आणि मी तरी काय केलं? ती माझ्या दारात चाकावर हात ठेवून उभी होती, आणि मी एका शब्दानं विचारलं नाही, आई, तुला पाहिजे का?

आत गेले तेव्हा ती जागी होती. मी बाजेच्या कडेला बसले. म्हणाले, "आई, उद्या टेम्पो सांगते. मशीन आणून ठेवते तुझ्याजवळ."

ती आढ्याकडं बघत होती.

"आता कशी बसवणार मला पायडलवर?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. तुझंच हाय ते."