गोखलेदांचा सुटलेला डाख

गोखलेदा टेलिप्रिंटरच्या तारा जोडताना त्यांच्याशी बोलायचे. स्क्रू आवळला की तार चिमटीत धरून हलकेच ओढायची आणि विचारायचं, "काय गं, बसलीस ना नीट?" मग पुढची तार.

सत्तरच्या दशकात मी नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आलो. आमच्या मालवाहतुकीच्या कचेरीत गोखलेदा तंत्रज्ञ होते. घराण्याच्या तीन पिढ्या कलकत्त्यातच गेल्यामुळे त्यांच्या मराठीला बंगालीची फोडणी होती. "जोशी, आधी चहा खा!" म्हणायचे. माझी बायको हसली तर म्हणाले, "सूनबाई, तुम्ही पिता, आम्ही खातो. संपतो तर दोघांचाही!"

एकदा गार्डन रीचच्या गोदामातून येणारे संदेश बिघडू लागले. मधूनच भलती अक्षरं उमटायची. एक ट्रक चुकीच्या गावी गेला आणि साहेबांनी ठपका ठेवला गोदामातल्या ऑपरेटरवर, माला नावाच्या मुलीवर. ती हंगामी नोकरीत होती, घरात कमावणारी एकटीच. सोमवारी तिला काढायचं ठरलं.

शनिवारी गोखलेदांनी तिला फोन केला. लेकीच्या वयाच्या मुलींना ते बंगाली रीतीने 'मा' म्हणायचे. "मा, तू एकच ओळ टाइप करत राहा. घाबरू नकोस." आम्ही कचेरीतल्या यंत्रासमोर बसलो. तासभर ओळ स्वच्छ येत होती. तेवढ्यात बाहेर लिफ्टचं लोखंडी दार कुणीतरी धाडकन आपटलं आणि कागदावर अक्षरांची खिचडी झाली.

"जोशी, जा, पुन्हा आपट!"

मी दहा-बारा वेळा दार आपटलं. वरच्या मजल्यावरचे लोक वाकून बघायला लागले. दर वेळी खिचडी! लिफ्टशेजारच्या भिंतीवर जोडण्यांची पेटी होती. गोखलेदांनी ती उघडून एकेक तार ओढून पाहिली. एक अलगद हातात आली. तिला जोडणारा कथलाचा डाख धरलाच नव्हता.

तारेचं टोक त्यांनी उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाले, "ही जोडणी माझीच."

"दादा, आत्ता डाख द्या नि मोकळे व्हा. कोणाला कळणार आहे?"

त्यांनी डाख दिला, तो थंड होईपर्यंत फुंकर घातली, आणि खुर्चीत बसून साहेबांना चिठ्ठी लिहिली: चूक मालाची नाही, माझी आहे.

माला राहिली, पुढे कायमही झाली. गोखलेदांचं फोरमन होणं मात्र त्या चिठ्ठीपायी कायमचं राहिलं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांपेक्षा मालाचंच भाषण लांबलं. ती बोलताना रडत होती आणि गोखलेदा खुशीत संदेश मिठाई खात होते.

मी हळूच विचारलं, "दादा, त्या चिठ्ठीचं कधी वाईट वाटलं?"

"वाटलं की! फोरमनला टेबलावर पंखा मिळतो," ते हसले. मग मालाकडे बघत म्हणाले, "गुपचूप डाख दिला असता तर लाइन सुधारली असती रे. या पोरीचं नाव नसतं सुधारलं."