रूपसिंगने उतरवलेले पाटे

मराठवाड्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ज्यांनी जीपने प्रवास केला, त्यांना बीभत्स रस समजून घेण्यासाठी काव्यशास्त्राकडे जाण्याची गरज पडली नसेल. दहा माणसांसाठी घडवलेल्या वाहनात वीस-बावीस देह कोंबलेले असत. मांडीवर मांडी, पाठीत कोणाचा तरी गुडघा, मागच्या फळीवर लोंबकळणारे तरुण, आणि वाऱ्याबरोबर आत परतून येणारी गुटख्याची लाळ. या व्यवहाराला स्टँडवर 'गाडी भरणे' असे साधेसुधे नाव होते. भरल्यावाचून गाडी हलत नसे.

रूपसिंग हा त्या वाटेवरचा जुना चालक. गोरेगावजवळच्या तांड्यावर त्याचे घर होते. त्याच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख तुडवला होता; त्याच्या वाट्याला नव्वदच्या सुमारास घेतलेली एक लांब जीप आली. मनुष्य उंच, मितभाषी आणि विलक्षण शुचिर्भूत. गाडी धुतल्यावाचून तो स्टिअरिंगपाशी बसत नसे. उतारूंनी दारावर मारलेल्या पिचकाऱ्या पुसताना त्याचा चेहरा असा आक्रसत असे, की पाहणाऱ्यालाही स्वतःच्या माणूसपणाची लाज वाटावी.

तरीही इतरांनी केले ते त्यानेही केले होते. जीपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. ओझ्याने गाडी मागे बसू नये म्हणून आमच्याकडचे बहुतेक जीपवाले त्या कमानीत ट्रकचे जाड पाटे घालून घेत. मग गाडी हवी तेवढी माणसे पेलत असे. मात्र रिकामी धावू लागली, की दगडासारखी आपटे.

हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर दोनेक वर्षांनी रूपसिंगची पत्नी पारुबाई तुराट्यांचा भारा घेऊन बांधावरून घसरली. मणक्याला इजा झाली, डावे पाऊल बधिर होऊ लागले. हिंगोलीच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला उपचारासाठी आणायला सांगितले, आणि वाटेत हिसके बसू देऊ नका, असे बजावले. उपचार चुकले तर पाय कायमचे जातील, हेही त्यांनी लपवले नाही.

पहिल्या खेपेस त्याने तिला एकटीला नेले. रिकाम्या जीपच्या प्रत्येक आपटीसरशी ती ओठ चावत होती. हे ऐकून स्टँडवर उतारू कोंबण्याचे काम करणारा रणजीत हसला.

"मामा, रिकाम्या गाडीत नेऊन मामीला मारता का? भरून न्या. वजन पडलं की गाडी पाळण्यावानी चालते."

हे त्या स्टँडवरचे शास्त्रवचनच होते. आजारी माणूस न्यायचा तर गाडी गच्च भरून न्यावी. माणसांचे ओझे कमानीला नरम करते. त्यात अर्धे सत्य होते, आणि रूपसिंगने ते पूर्ण मानले.

दुसऱ्या खेपेस पारुबाईला गोधडी अंथरून खिडकीशी बसवले आणि रणजीतने गाडी भरायला घेतली.

"मामी, जरा तिकडं सरका. अजून एक बाई बसन."

"आरं, तिची पाठ दुखून राहिली," रूपसिंग म्हणाला.

"म्हणूनच तर भरून राहिलो, मामा!"

गाडी खरोखरच उसळली नाही. पण प्रत्येक वळणावर साऱ्या बाकाचे वजन पारुबाईच्या अंगावर घसरत होते. शेजारच्या गृहस्थाने हळदीचे पोते तिच्या कमरेला टेकवले आणि निवांत डोळे मिटले. पुढे एक लेकरू तिच्या ओढणीवर ओकले. त्याच्या आईसकट सारे जण नाक दाबून दुसरीकडे पाहू लागले. हिंगोलीला उतरताना तिचे पाऊल जमिनीवर टिकेना.

"आता मला पुन्हा आणू नका," ती म्हणाली. "घरी पडून मरन, पण ह्या उकिरड्यात बसनार न्हाई."

ती हट्टी बाई होती. तिला दवाखान्यातून परत आणल्यावर दुसऱ्या दिवशी रूपसिंग जीप घेऊन हिंगोलीच्या उत्तमराव मिस्त्रीकडे गेला. उत्तमरावाने चाकाखाली डोकावून सांगितले,

"शॉकअप मेलेत तुमचे. नवे टाकू. पाटे राहू द्या."

शॉकअप म्हणजे गाडीची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी. रूपसिंगने विचारले, "पाटे असेच ठेवून बाई सुखानं येईल का?"

"खरं सांगू? न्हाई. कमान वजन धरती, शॉकअप उसळी धरतो. कमानच ताठ असली तर तो बिचारा काय करन?"

"मग ट्रकचे पाटे काढ. कंपनीनं दिली व्हती तशी कमान बसव."

"अन् माणसं?"

"शिटावर मावतील तेवढी."

"धंदा करायचाय का तीर्थयात्रा, रूपसिंगभौ?"

"आमच्या आजानं पाठ सोललेल्या बैलावर कदी गोणी टाकली न्हाई," रूपसिंग एवढेच म्हणाला.

शॉकअपसाठी तो बाजारातल्या एका दुकानात गेला. दुकानदाराने चकचकीत काळी जोडी पुढे ठेवली आणि नवी कोरी म्हणून शपथ घेतली. रूपसिंगने एक उभा धरून दांडा दाबला. चांगला शॉकअप दाबाला सावकाश, सारखाच विरोध करतो. हा प्रेतासारखा खाली गेला. दांड्याच्या मुळाशी तेल पाझरत होते आणि ओल्या रंगाखालून गंज बोटाला लागत होता. टाकून दिलेली जोडी रंगवून ठेवली होती.

"लई भारी माल आहे," दुकानदार म्हणाला.

"ह्याला तुमच्या घरच्या गाडीत बसवा," म्हणून रूपसिंगने हात धुवायला पाणी मागितले. दुसऱ्या दुकानात दोन प्रकारच्या खऱ्या जोड्या निघाल्या. एक ओझ्याच्या गाडीसाठी कडक, दुसरी साधी. त्याने साधी घेतली. उत्तमरावाने ट्रकचे पाटे उतरवून मूळची कमान आणि ही जोडी बसवली.

गोरेगावच्या स्टँडवर ही वार्ता त्याच्याआधी पोहोचली होती. जुने सोबती टपरीपाशी उभे राहून त्याच्या गाडीची उंची न्याहाळू लागले.

"मामा, तुमी दहाच माणसं नेनार, मंग लोक आमाला इचारतील, काहून एवढे कोंबता म्हणून," रणजीत म्हणाला. "आजपासून रांगेतला तुमचा नंबर बंद."

वर्षानुवर्षे ज्यांच्याबरोबर त्याने चहा घेतला, त्यांतल्याच कोणीतरी त्याच्या धुतलेल्या चाकाजवळ थुंकले, आणि बाकीचे हसले. मनुष्याच्या संगतीचा उबग यावा, असा तो क्षण होता. रूपसिंगने पाण्याची बाटली काढली, चाक धुतले आणि गाडी तांड्याकडे वळवली.

पुन्हा दवाखान्यात जायला पारुबाई तयार होईना. शेवटी त्याने तिला आडवी करून गाडीत ठेवली, तांड्याला एक फेरी मारली आणि हिसके बसले का, ते विचारले. तिने हाताने कंबर चाचपली. मग म्हणाली, "बराबर हाय. चला."

वाटेत दोघा-तिघांनी हात केला. गाडी रिकामी पाहून एकाने चालत्या गाडीची मागची फळी धरली. रूपसिंगने थांबून त्याला उतरवले आणि त्याच्या शिव्या ऐकून घेतल्या. सेनगावच्या अलीकडे म्हशींचा कळप रस्ता व्यापून बसला होता. मागून दुसरी भरलेली जीप येऊन कर्कश हॉर्न देऊ लागली. तिच्यातून डोकी आणि कोपरे बाहेर लोंबत होती, पिचकाऱ्या उडत होत्या. रूपसिंगने आरशात पाहिले. पारुबाईला झोप लागली होती. तो हलक्या हाताने दार उघडून उतरला, मागच्या चालकापाशी जाऊन त्याने ओठांवर बोट ठेवले, आणि मग वहाणा काढून अनवाणी पुढे जाऊन एकेका म्हशीला हाताने बाजूला करू लागला.