गाऱ्हाण्यातली फिलॉसॉफी

एफवायला फिलॉसॉफी घेतली तेव्हा वर्ग खच्चून भरलेला, कारण विषय स्कोअरिंग आहे अशी कुणीतरी आवई उठवली होती. सर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. एकदा मी मध्येच विचारलं, हे खरं कशावरून? तर म्हणाले, परीक्षेला येत नाही ते विचारू नकोस. एम.ए.ला पोचेपर्यंत आम्ही जेमतेम पाचजण उरलो, आणि सेमिनारमध्ये मॅडम उलटंच विचारायला लागल्या, तुझं स्वतःचं म्हणणं काय? अहो, इतकी वर्षं तोंडाला कुलूप घातलंत, आता म्हणणं कुठून आणू? डोकंच फिरायचं माझं.

तरी आणलं. पेपरचा विषय होता संमती. मी लिहिलं आमच्या लालबागच्या घरातल्या गाऱ्हाण्यावर. गणपती बसला की बाबा त्याच्यापुढे हात जोडून मालवणीत एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला घरच्यांनी मिळून 'होय म्हाराजा' म्हणायचं. माझा मुद्दा साधा होता. त्या गलक्यात जो गप्प राहतो, त्याचाही होकार धरला जातो. मॅडमनी पेपर परत केला. छान आहे म्हणे, पण ही फिलॉसॉफी नाही, पुस्तकातलं उदाहरण घे. पुस्तकातल्या उदाहरणांतली माणसं सगळी कुठल्यातरी बोटीत नाहीतर निर्जन बेटावर. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी विचारच करत नाही की काय? रडायलाच यायचं बाकी होतं.

मला तर पुढे पीएचडी करायची होती. घरी ते कुणालाच पटत नव्हतं, आईला तर मुळीच नाही. विचार करून पोट भरत नाही गो, हे तिचं पालुपद.

पेपर परत मिळाला त्याच आठवड्यात गणपती आले. बाबांनी दरवर्षीचं मागणं मागितलं, "ह्या आमच्या चेडवाचा ता फिलॉसॉफी एकदाचा आटपांदे, नि तिका बरी नोकरी गावांदे रे म्हाराजा!"

दरवर्षी मीही मुकाट्याने होय म्हणायचे. या वेळी म्हटलं, "नाही."

गाऱ्हाण्यात कुणी नाही म्हणत नसतं. काकांनी डोळे वटारले. आता बाबा मला झाडणार असं वाटलं, पण देवापुढे सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. हात जोडलेलेच ठेवून ते माझ्याकडे वळले.

"मगे काय मागू, ता तरी सांग."

"मला पुढे शिकायचंय. तेवढंच मागा."

त्यांनी एक सुस्कारा टाकला आणि देवाकडे वळून तेवढंच मागितलं. काका, आत्या, शेजारची मंडळी, सगळ्यांनी दणक्यात होय म्हाराजा म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मग लक्षात आलं, आई काहीच बोलली नव्हती. ती खाली मान घालून निरांजनाची वात सारखी करत होती.

बाबा पुढच्या मागण्यावर गेले, आणि तिचाही होकार धरला गेला.