मजुरीचे जुंधळे
जुन्या ज्वारीचा उबट वास आला की मला सणसरच्या बागायतदारांचं जमिनीतलं धान्याचं पेव आठवतं. महागाईचं साल होतं. आई त्यांच्या मळ्यात खुरपायला जायची आणि आठवड्याची मजुरी म्हणून ज्वारी आणायची. त्या दिवशी मीही सोबत होते. पेव उपसून पोती गाडीत चढत होती, बारामतीला विकायला. मालकीणबाईंनी आईच्या हातावर पैसे ठेवले. "आता रोखच मिळंल. जुंधळं लई महाग झाल्यात." आईनं पदर पसरला. "म्हणून तर जुंधळंच द्या की बाई! ह्या पैशात चार दिवसांचं बी येत न्हाय. पोरं काय खातील?" "अगं, मागच्या सालच्या भावानं बरोबर हाईत की," असं म्हणून त्या आत गेल्या. आई गाडीकडं गेली आणि गाडीखाली सांडलेले दाणे मातीसकट पदरात भरू लागली. गडी बघत होते. "ये की गं हात लावायला!" ती ओरडली. लाजेनं मी जागची हलले नाही. संध्याकाळी तिनं ते दाणे धुऊन, भरडून कण्या शिजवल्या आणि पहिला वाटा मलाच दिला. आज मी ऐंशीला आले, पण तेव्हा पुढं का झाले नाही, हे तिला कधी सांगता आलं नाही.