पोटातली चिठ्ठी

माझ्या नणंदेनं एकतीस वर्षं पक्षी सोलले. खाटकासारखे नव्हे, संग्रहालयासाठी. कातडं काढायचं, आत कापूस भरून शिवायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची: तारीख, जागा, वजन, डोळ्याचा रंग. डोळा सगळ्यात आधी बघायचा, कारण पक्षी गार पडला की तो रंग उतरतो. या नादात घरी पाहुणे ताटकळायचे. लग्नासाठी वन्संना बघायला आलेलेसुद्धा.

"वन्सं, हात तरी धुऊन या," मी म्हणायचे.

"वहिनी, ते थांबतील. डोळा थांबणार नाही."

पाहुणे काही थांबले नाहीत.

या चिठ्ठ्यांवरून संग्रहालयाच्या संचालकसाहेबांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात वन्संचं नाव नाही. चूक मात्र आहे: तपकिरी डोळ्याची एक जात, तांबड्या डोळ्याची दुसरी. वन्सं कानीकपाळी ओरडल्या, की पक्षी एकच. तपकिरी ते पिल्लू, वाढलं की डोळा तांबडा होतो. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कातडी सांभाळा."

वन्सं गेल्या त्याला वर्ष झालं. परवा तिथल्या नव्या अधिकाऱ्याचा फोन आला. जुन्या चिठ्ठ्या काढून छापील लावतोय, संग्राहक म्हणून संचालकांचं नाव. जुन्या तुम्ही आठवण म्हणून घेऊन जा. मी गेले. एका अख्ख्या खणातल्या चिठ्ठ्या कात्रीनं कापून बुटांच्या खोक्यात भरल्या होत्या.

"यातली कुठली कोणत्या पक्ष्याची?"

"आजी, साहेबांच्या पुस्तकावरून यादी केलीय ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. एक पक्षी उसवा."

"नमुना खराब होईल."

"तो तुम्ही केव्हाच केलाय. उसवा."

जाण्याआधी वन्संनी मला दोनदा बजावलं होतं: साहेबांचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाच्या पोटात, कापसात, दुसरी चिठ्ठी आहे.

त्यानं कात्रीनं चार टाके काढले, चिमट्यानं कागद ओढला. वन्संचं गोल अक्षर. तारीख, जागा, वजन. 'डोळा तपकिरी. पिल्लू. वेगळी जात नव्हे.' खाली पूर्ण सही.

तो खुर्चीत बसला. "आजी, या खणात असे एकशे ब्याऐंशी आहेत."

"कात्री हातात आहेच तुमच्या. चला, पुढचा घ्या. मी डबा घेऊन आलेय."