मुलीकडची नाही, सर्वेवाली

तोवर मी पत्रकंच लिहीत आले होते. महागाईवरची, बेकारीवरची, पनवेलच्या एसटी स्टँडवर वाटायची. लोक ती घेत आणि त्यावर वडापाव ठेवून खात. म्हणून सर्वेचं काम मिळालं तेव्हा वाटलं, आता लोकांचं मत त्यांच्याच तोंडून वर पोचवू. मुख्य प्रश्न साधा होता: वर्षभरापूर्वीपेक्षा घरची परिस्थिती सुधारली, तशीच आहे, की बिघडली?

पनवेलजवळच्या कोन गावात एका दुमजली घरात मला थेट सोफ्यावर बसवलं. एसी लावला. काजू आले. घरातले म्हातारे म्हणाले, "आमचं एकदम मस्त. काय कमी नाय." मी टॅबवर 'सुधारली' दाबलं. मग त्यांनीच मला विचारलं, "पोरगी शिकलेय किती?"

कोण पोरगी?

त्यांची सून आतून हसत आली. "आबा, ही पोरीकडची नाय. सर्वेवाली हाय." धाकट्या दिराला स्थळ आलं होतं, मुलीकडचं कुणी घर बघायला येणार होतं, आणि बॅगवाली मीच ती, असं म्हाताऱ्यांनी धरलं होतं.

त्यांनी उठून एसी बंद केला.

"आता खरं लिवा ताय," सून म्हणाली. "आमच्या यांची कंपनी सुटली. गाडी चालवतात, कधी भाडं हाय, कधी नाय. दूध अर्ध्यावर आणलं. पोरीची शिकवणी बंद केली."

"गप. बाहेर गेलं तर लगीन मोडंल."

"ती पोरीकडची नाय, म्हणून तर सांगते."

नाव कुठेच जाणार नाही, असं मी सांगितलं. म्हाताऱ्यांनी टॅबकडे बोट केलं. मग म्हणाले, "लिव. बिघडली."

उत्तर बदलायला सुपरवायझरची परवानगी लागायची. फोन लावला. "कुटुंबप्रमुखाचं पहिलं उत्तरच धरायचं," तो म्हणाला. "तुम्ही मोर्चाला आलात की सर्वेला?"

"सर्वेला. म्हणूनच खोटं पाठवणार नाही."

टीव्हीवर जनता समाधानी असल्याचं ऐकते तेव्हा आजही मनात येतं, त्यातल्या किती घरांत त्या दिवशी स्थळ आलं होतं? आपल्याकडे परक्यापुढे घर झाकायचं ही रीत. ठीक आहे. पण त्या झाकलेल्या घराचा फोटो काढून 'सगळं छान' म्हणून छापायचं, ही लबाडी आहे, आणि ती आपली रीत नव्हे.

मी फॉर्म अडवून धरला. माझा त्या दिवसाचा पगार कापला आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी तपासणीला आणखी एक मुलगी पाठवली. संध्याकाळी खांदा कॉलनीत भेटली तेव्हा तिने सांगितलं: म्हाताऱ्यांनी तिला दारातच अडवलं होतं. "काल सांगितलं ना बिघडली? तुमाला काय ऐकायचं हाय ते सांगा, मंग बी मी पुन्हा बिघडलीच सांगतो."

तिनेही 'बिघडली'च दाबलं होतं. दोघींचंही काम गेलं.